दहा पदकांचे सुभेदार

मंडळी, लग्नकार्य कसं पार पाडावं ते माझ्याकडून शिकावं! बढाई मारत नाही. गेल्या वीस वर्षांत आमच्या भावकीत जेवढी लग्नं झाली, त्या प्रत्येकाचा आचारी मी ठरवला, वाजंत्री मी ठरवली आणि रुसून गाडीत जाऊन बसलेला जावईही मीच समजूत काढून मांडवात आणला. मग यंदा माझ्या स्वतःच्या लेकीचं, आरोहीचं लग्न ठरल्यावर मी गप्प बसणार? टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर मी तक्ताच लावला. कोण कुठे उभं राहणार, कोण कुणाला नारळ देणार, सगळं मिनिटावारी!

"तू फक्त नटून उभी राहा," मी बायकोला, नीलमला म्हटलं. "एक गोष्ट चुकली तर मष्णू नाव बदलीन!"

"बदलाच," ती म्हणाली. "मलाबी बरं पडंल."

तक्त्यात सगळ्यात वर लाल अक्षरात लिहिलं होतं: 'व्याहीभेट. आप्पा वर्दीत.'

आप्पा म्हणजे माझे वडील, सुभेदार रवळू. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, आणि निवृत्त होऊन तीस होत आली. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. तिथे लग्नाकार्यात म्हातारे वर्दी घालतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. आप्पांचे वर्दीचे दिवस ठरलेले: सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि घरातलं लग्न. एरवी ती ट्रंकेत. आदल्या दिवशी इस्त्री स्वतः करणार, बक्कल स्वतः घासणार, बूट स्वतः चमकवणार. तीस वर्षांत पट्टा एका भोकानंही पुढे सरकलेला नाही. माझा दिवाळीत शिवलेला सदरा संक्रांतीला होत नाही!

आणि एकदा का ती वर्दी अंगावर चढली, की घर बदलतं. माझी आई, अंबुबाई, वर्षभर आप्पांना "ऐकायला येतंय का न्हाय?" म्हणून ओरडत असते. त्या दिवशी ती पदर सावरून वाट देते. मी एक्कावन्न वर्षांचा बाप्या, हेडक्लार्क, हाताखाली चार माणसं. पण आप्पा वर्दीत खोलीत आले की मी खुर्चीवरून उठलेला असतो. कुणी ऊठ म्हणत नाही. गुडघेच उठतात! लहानपणी मला वाटायचं, देव देवळात राहतो आणि देवाचा साहेब आमच्या घरात. अजूनही फारसं वेगळं वाटत नाही.

तर माशी शिंकली साखरपुड्यात. जावई स्वरूप कडोलीचा. त्याचे आजोबा भावकूआण्णा, तेही फौजेतले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे व्याहीभेटीला दोन वर्द्या समोरासमोर! माझ्या डोळ्यांपुढे अल्बमचं पहिलं पान उभं राहिलं. तेवढ्यात स्वरूपची आत्या, गुणाबाई, पेढा तोंडात ठेवत म्हणाली, "आमच्या आण्णांच्या छातीवर जागाच न्हाय बगा. नऊ पदकं! फोटोत मोजलीयात मी."

नऊ! मी हातातला पेढा परत ताटात ठेवला. आप्पांची पदकं सहा. सुभेदाराच्या छातीवर सहा आणि हवालदाराच्या छातीवर नऊ? आधीच आम्ही मुलीकडचे, त्यात पदकांतही खाली? अल्बमचं पहिलं पान जन्मभर माझ्याकडे बघून हसणार! त्या रात्री मला झोप नाही.

नशिबानं (असं तेव्हा वाटलं!) लग्नाच्या बारा दिवस आधी आप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला, खाली वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. आप्पांनी मला बोलावलं आणि पदकांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला.

"मष्ण्या, आजपत्तूर कुणाला हात लावू दिला न्हाय. ह्या टायमाला तू लाव. नीट लाव."

"आप्पा, काळजीच सोडा!" मी म्हणालो.

आई दारातून बघत होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "डब्यात हाय तेवढंच लाव. मी पन्नास वर्सं वर्दी धुतली, पर त्येंचा बिल्ला कवा इकडचा तिकडं केला न्हाय."

आईच्या लक्षात कसं आलं कोण जाणे. पण शहाण्याला शब्दाचा मार, आणि मी तर तक्ता लावणारा अतिशहाणा! दुसऱ्याच दिवशी फौजेच्या छावणीत, कॅम्पात, एका दुकानात गेलो. तिथे फौजेचं, पोलिसांचं, सगळ्यांचं सामान मिळतं. दुकानदार भला माणूस. "कुणासाठी? कागदपत्रं आणलीत का?" त्यानं विचारलं. मी डोळा न लवता म्हणालो, "शाळेच्या गॅदरिंगात नाटक आहे. नकली असली तरी चालतील." मग त्यानं ट्रे पुढे केला. तीन घेतली तर बरोबरी, चार घेतली तर सरशी! मी चार निवडली. कशी निवडली विचाराल, तर रंग बघून. एक हिरवट फितीची, एक सोनेरी, एक पट्ट्यापट्ट्यांची आणि एक लालभडक, नीलमच्या शालूला मॅच होणारी.

घरी येऊन दार लावून दोन ओळी केल्या. वर पाच, खाली पाच. लाल एकाशेजारी एक यायला नको म्हणून आप्पांची खरी सहासुद्धा रंगसंगती साधून मागंपुढं केली. लांबून बघितलं आणि माझे मलाच डोळे भरून आले. जनरलची छाती वाटत होती! सूत्रसंचालक ठरवला होता, त्याला वाक्यही लिहून दिलं: 'दहा पदकांचे मानकरी, सुभेदार रवळूसाहेब!' तीनदा म्हणायचं, अशी तंबी दिली.

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या खोलीत मी आप्पांना कोट चढवला. आप्पांनी खांदे सरळ केले आणि थांबले.

"आज जड का लागतंय रं?"

"वय झालं, आप्पा," मी म्हणालो. माझी जीभ झडली कशी नाही, मंडळी!

आप्पा बाहेर आले आणि कार्यालय शांत झालं. सहाशे माणूस, त्यात आमच्या गावचे आणि कडोलीचे मिळून पन्नासेक म्हातारे फौजी. कुणी धोतरात, कुणी कोटात, कुणाच्या हातात काठी. सगळे आपोआप बाजूला झाले. काळा चष्मा, ताठ मान, बुटांचा एकसारखा आवाज. सूत्रसंचालकानं पहिल्यांदा आरोळी ठोकली, "दहा पदकांचे मानकरी!" टाळ्या! आप्पांना अलीकडे कमी ऐकू येतं, त्यात टाळ्यांचा गलका; त्यांना आकडा कळलाच नाही. आमच्या गावचे दोन म्हातारे मात्र एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, जळतात!

मुलाकडच्या गाड्या आल्या. भावकूआण्णा उतरले, वर्दीत. सत्त्याहत्तरीचे, काटक, पांढऱ्याशुभ्र मिशा. माझी नजर सरळ त्यांच्या छातीवर. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच? मी परत मोजली. पाच!

मी गुणाबाईला गाठलं. "गुणाक्का, नऊ म्हणाला होतासा न्हवं?"

"मग? ह्यी पाच," ती बोट दाखवून म्हणाली, "आन ह्यी चार. चमकत्यात न्हाय का?"

चार पितळी बटणं! कोटाची चार पितळी बटणं त्या बाईनं फोटोत पदकं म्हणून मोजली होती, आणि त्या बटणांवर मात करायला मी बाजार लुटून आलो होतो! आता धावत जाऊन आप्पांना थांबवावं म्हटलं, तर सूत्रसंचालक दुसऱ्यांदा ओरडला आणि दोन्ही म्हातारे हार घेऊन समोरासमोर आलेसुद्धा.

चार पावलांवर भावकूआण्णा थांबले. टाचा जुळल्या. खाड्! "राम राम, साहेब!"

"राम राम, हवालदार!" आप्पा म्हणाले.

मुलाकडची मंडळी चपापली. गुणाबाई मागून फुसफुसली, "आण्णा, आपुन पोराकडचं! आपुन कशाला पयलं टाचा जुळवायच्या?"

"गुणा, गप," आण्णा म्हणाले. गुणाबाई गप्प झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

मग आण्णा हार घालायला पुढे झाले. हार आप्पांच्या गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आण्णांची नजर पहिल्या ओळीवरून फिरली. मग दुसऱ्या ओळीवरून. लालभडक फितीवर थबकली. फोटोग्राफर म्हणाला, "स्माईल!" आण्णांनी हार घातला, पण स्माईल काही आलं नाही. ते आप्पांच्या कानाशी वाकले.

"साहेब, माफी असावी. जरा खोलीत येता?"

खोलीत आम्ही तिघंच. आप्पा, आण्णा आणि मी, म्हणजे खरं तर दोघं आणि एक गुन्हेगार. बाहेरून भटजींचा आवाज, "अक्षतेला वीस मिनिटं! नवरीकडचे कुठे गेले?"

आण्णा सावधानच उभे होते. "साहेब, हुद्द्यानं तुम्ही मोठं. मी इचारू नये. पर ह्ये एक," त्यांनी हिरवट फितीला बोट न लावता दाखवलं, "सत्तेचाळीसच्या काश्मीरच्या लढाईचं. तुमचा जल्म कवाचा?"

"एकोणपन्नासचा," आप्पा म्हणाले.

"ह्ये सोनेरी जनरल साहेबांना मिळतंय. ह्ये पट्ट्यापट्ट्याचं इमानं उडवणाऱ्या लोकांचं. तुम्ही तर पायदळातलं." आण्णांचं बोट पुढे सरकलं. "आन ह्ये तांबडं, साहेब, बंबवाल्यांचं हाय. आग इझवल्याबद्दल."

आप्पांनी काळा चष्मा काढला. एक डोळा लाल, पाणावलेला. त्यांनी बोटांनी छाती चाचपायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सहा. बोटं सहावर थांबली नाहीत. सात. आठ. दहापर्यंत गेली आणि खाली आली.

"मष्ण्या."

फक्त एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं! मी सगळं सांगितलं. नऊ, बटणं, दुकान, नाटक, शालूचा रंग, तीन आरोळ्या. सांगताना माझं मलाच ते इतकं येडपटासारखं वाटत होतं, की कुणी हसेल तर सुटेन असं वाटलं. कुणी हसलं नाही.

"ह्ये सत्तेचाळीसचं," भावकूआण्णा हळू म्हणाले, "माझ्या बाला मिळालतं. मी पोटात असताना त्यो गेलता. त्यो आला न्हाय. ह्ये आलं."

बायकोच्या शालूला शोभेल म्हणून ज्या ट्रेमधून मी रंग निवडत होतो, त्यात या माणसाचा बाप होता. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी कुणाला न विचारता आत गेलो असतो.

आप्पा कोटाची बटणं सोडायला लागले. "ही वर्दी आता मी घालायचा न्हाय. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या प्लाटूनमधलं सात जण तिथंच ऱ्हायलं, घरी आलं न्हाईत. त्येंच्यासमोर मी खोटं घालून हिंडलो आज."

"आप्पा, चूक माझी आहे! तुम्हाला दिसत नव्हतं!"

"डबा तुझ्या हातात कुणी दिला? मी."

इतक्यात दार उघडलं आणि आरोही आत आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा. "आज्जा, चला की. तुम्ही आल्याबिगार मी बोहल्यावर चढत न्हाय." तिनं आमची तोंडं बघितली. "काय झालं?"

आप्पांनी नातीच्या मुंडावळ्या सरळ केल्या. मग त्यांनी सोडलेली बटणं परत लावली.

"चल," ते म्हणाले. "पर आदी माईक पायजे."

"आप्पा, सहाशे माणसं आहेत! पोरीच्या लग्नात हसं होईल. आत्ताच गुपचूप काढून टाकू. अक्षतेनंतर कोण बघतंय?"

"तीनदा वरडून सांगायचं ठरलंतं न्हवं? मग खरं एकदा तर सांगाया नगं?"

ते स्टेजवर गेले. सूत्रसंचालक बिचारा तिसरी आरोळी ठोकायला तोंड उघडून उभा होता. आप्पांनी त्याच्या हातातून माईक घेतला. मी खांबाआड. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं तर काय, आरोहीच्या तोंडाकडे कसं बघू, एवढंच डोक्यात.

"राम राम मंडळी," आप्पा म्हणाले. "माझी पदकं सा. आज छातीवर धा हाईत. चार माझी न्हवंत. माझ्या घरातनं चूक झाली, म्हंजे माझी झाली. ज्येंची ही हाईत, त्येंची मी माफी मागतो. खोटं छातीवर ठिऊन नातीवर अक्षता टाकायच्या न्हाईत."

आणि ते सहाशे माणसांसमोर एकेक पदक काढायला लागले. बोटं पिनेवरून घसरत होती. मी पुढे व्हायला गेलो, पण माझ्याआधी भावकूआण्णा स्टेजवर चढले होते. त्यांनी पहिलं पदक अलगद सोडवलं. दुसरं. तिसरं. चौथं. चारही खिशात ठेवली, मग आप्पांची सहा पहिल्यासारखी, फौजेच्या क्रमानं एका ओळीत नीट लावली. रंगाबिंगाचा विचार न करता. आणि मंडळी, ती सहा त्या दहांपेक्षा दुप्पट दिसत होती!

आण्णा दोन पावलं मागे सरले आणि त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या छातीतून असा आवाज निघाला, की वाजंत्र्याच्या हातातली सनई खाली आली.

"सावधान!"

खुर्च्या सरकल्या. धोतरातले, कोटातले, काठीवाले पन्नास म्हातारे एका दमात उभे! काठ्या बाजूला, हनुवट्या वर. एका आजोबांचा एक पाय लाकडाचा होता, तेही. मग आण्णांनी आप्पांना सॅल्यूट ठोकला.

शेजारी उभे असलेले आमच्या गावचे म्हातारबुवा पुटपुटले, "सुभेदाराला सलूट नसतो रं. त्यो अफसराला. आमी नुस्तं राम राम करतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पर आज बसतंय नियमात."

आप्पांचा हात वर गेला. मी आयुष्यात बरंच काही पाहिलंय, मंत्री पाहिलेत, मोठमोठे साहेब पाहिलेत. पण माझ्या बापाइतका उंच माणूस मी त्या दिवसाआधी पाहिला नव्हता. मी खांबाआड ढसाढसा रडलो. नीलमनं शालूचा पदर दिला, आणि गुणाबाईनं मुलाकडच्यांना दटावलं, "रडतासा काय? अक्षता घ्या हातात!"

अक्षता वेळेवर पडल्या. दोन मिनिटं आधीच. मी मनात म्हटलं, सुटलो! कन्यादानाचा उपास होता, पंगतीकडे निघालो, तेवढ्यात मागून हाक आली.

"मष्ण्या. मुहूर्त झाला. आता तुझं."

कार्यालयाच्या आवारात आप्पा आणि भावकूआण्णा दोन खुर्च्या टाकून बसले होते. समोर मानाच्या नारळांचं अर्धं पोतं.

"फौजेत अशा गुन्ह्याला काय असतंय, हवालदार?"

"पिठ्ठू, साहेब. वझं पाठीवर आन फेऱ्या."

"किती?"

"चार पदकं, चार फेऱ्या."

माझ्याच फेट्यानं ते पोतं माझ्या पाठीवर बांधलं. रेशमी धोतर, शेरवानी, गळ्यात हार आणि पाठीवर नारळ! "दौडके चल!" आण्णा ओरडले आणि नवरीचा बाप कार्यालयाभोवती पळत सुटला. सहाशे माणसं ताटं हातात घेऊन बाहेर आली. "एक!" म्हणून लहान पोरं मोजायला लागली. फोटोग्राफरनं वधूवरांना सोडलं आणि माझ्यामागे धावला. आरोही व्हरांड्यात मुंडावळ्या सावरत हसत होती, इतकी की काजळ गालावर आलं. नारळ पाठीत टोचत होते, धोतर सुटत होतं, तरी मी थांबलो नाही. खोलीतलं आप्पांचं ते तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं.

चौथी फेरी संपवून मी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलो. जमेल तितका ताठ. घामानं शेरवानीचा रंग उतरला होता.

"काय म्हंता, हवालदार?" आप्पांनी विचारलं.

"पळाला, साहेब. पर आचाऱ्याच्या वळणावर एक लाडू खाल्ला. मी बगितला."

आप्पांनी काळा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "खरं रं?"

नीलम मान हलवून 'नाही म्हणा' म्हणून खुणावत होती. आचारी माझाच माणूस, तोही मागून नाही नाही करत होता. पोटात कावळे ओरडत होते.

"न्हाय, साहेब," मी म्हणालो. "दोन खाल्ले."

आप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. उठले, माझ्या पाठीवरचं पोतं स्वतःच्या हातानं नीट केलं, आणि गाठ घट्ट आवळली.

"शाब्बास! दोन लाडवांच्या अजून दोन फेऱ्या. दौडके चल!"